तहान थांबते तेव्हा

दिवाळी अंकात पटकीचा इतिहास सांगायला बसणे म्हणजे फराळाच्या ताटात कडुनिंबाची काडी ठेवण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण कारीट पायाखाली चिरडतो, त्याचा कडू रस जिभेला लावतो, आणि मगच चकली-करंजीकडे वळतो. तेवढ्याच कडवटपणाची सवलत या लेखाला मिळावी.

विषय आहे अंगातले पाणी आटण्याचा. डॉक्टर त्याला डिहायड्रेशन म्हणतात, पुस्तकी मराठीत त्याला निर्जलीकरण म्हणतात, आणि जुन्या बायका 'शोष पडला' एवढेच म्हणत. जुलाब-उलट्यांनी असा शोष पडला म्हणजे घरी काय करावे, आणि घरचे सगळे बाजूला ठेवून दवाखान्याकडे केव्हा धावावे, हा प्रश्न बहुतेक प्रत्येक घरात एकदा तरी उभा राहतो. बहुधा तो रात्री दोन वाजता उभा राहतो. त्याचे उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात चार ओळींत आहे. पण त्या चार ओळी हाती येण्यासाठी माणसाला चारशेहून अधिक वर्षे लागली, आणि ती हकीकत ठाऊक असली म्हणजे उत्तर सहसा विसरत नाही. म्हणून आज मी उत्तराआधी हकीकत सांगणार आहे.

ती सुरू होते आपल्याच एका शब्दापासून. लहानपणी आमच्या घरी पोट बिघडून वांत्या-जुलाब सुरू झाले की 'मोडशी झाली' असे म्हणत. हा शब्द मी कितीतरी वर्षे केवळ घरगुती, माजघरातला समजत होतो. पुढे वाचनात आले, की हा शब्द समुद्र ओलांडून गेलेला आहे. गोव्यात आलेल्या पोर्तुगिजांनी तो कोकणी-मराठी लोकांच्या तोंडून उचलला आणि त्याचे 'मोर्देशी' केले. फ्रेंचांच्या कानी तो पडला तेव्हा त्यांना त्यात आपल्या भाषेतले शब्द ऐकू आले आणि त्यांनी त्याचे 'मोर द शियँ', म्हणजे 'कुत्र्याचे मरण', करून टाकले! अर्थ अगदी चुकीचा, पण रोगाचे रूप पाहता अगदीच अनाठायी नव्हे.

१५४३ साली गोव्यात या मोर्देशीची मोठी साथ आली. गास्पार कोरेया या पोर्तुगीज बखरकाराने तिचे वर्णन केले आहे. माणसे इतकी मरू लागली, की लोकांची छाती दडपू नये म्हणून मृत्यूच्या वेळी चर्चची घंटा वाजवण्यास गव्हर्नरने मनाई केली. त्यानंतर वीस वर्षांनी, १५६३ मध्ये, गार्सिया द ओर्ता या वैद्याने गोव्यातच आपला औषधी वनस्पतींवरचा संवादरूप ग्रंथ छापला. त्यात या रोगाची लक्षणे आहेत. डोळे खोल जातात, पायांत गोळे येतात, नाडी मंद होते, आणि धडधाकट माणूस दिवस मावळायच्या आत संपतो. येथल्या लोकांचे उपचारही त्याने नोंदवले आहेत. ते पायाला डाग देतात, हे त्याने लिहिले. आणि मिरे-जिरे घातलेली तांदळाची पेज पाजतात, हेही लिहिले.

पायाला डाग आणि पोटाला पेज! एका उपचाराने रोग्याचे हाल वाढत होते, दुसऱ्याने त्याचा जीव वाचण्याची शक्यता होती. आणि करणाऱ्यांना दोन्ही सारखेच खरे वाटत होते. पेजेत पाणी होते, पिष्ट होते, मीठ घातले असेल तर मीठही होते. तिचे मोल शास्त्राला कळायला पुढे चारशे वर्षे लागली.

*

१८१७ साली बंगालातल्या जेसोरच्या बाजूला पटकीची साथ भडकली आणि या वेळी ती बंगालात थांबली नाही. १८१८ साली, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच वर्षी, ती मुंबईत पोचली. पुढे शतकभर आपल्या गावांनी तिला महामारी, वाखा, पटकी, जरीमरी अशी नावे दिली. वेशीबाहेर मरीआईची ठाणी झाली. तिचा गाडा ओढत पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन सोडायचा, म्हणजे रोग आपल्या गावातून गेला, ही त्या काळची समजूत. पंढरीच्या वारीतही एकोणिसाव्या शतकात पटकीने कितीदा तरी बळी घेतले. आज या गाड्याला हसणे सोपे आहे; पण ज्या गावात सकाळी विहिरीवर भेटलेला माणूस संध्याकाळी राहत नव्हता, त्या गावाला काही तरी करणे भाग होते.

पटकीची साथ १८३१ च्या अखेरीस इंग्लंडच्या सन्डरलँड बंदरात उतरली. विल्यम ओशॉनेसी नावाचा बावीस वर्षांचा आयरिश डॉक्टर ती पाहायला तिकडे गेला. इतर वैद्य तेव्हा रोग्याच्या शिरा कापून रक्त काढत होते. त्याने ते रक्त तपासले. त्यात पाणी कमी झालेले, क्षार कमी झालेले, आणि जे नाहीसे झाले होते ते रोग्याच्या जुलाबात हजर! त्याने लिहिले, की जे गेले आहे ते परत घाला. इतकी साधी गोष्ट. पण तोपर्यंत ती कोणी अशी रक्त तपासून सांगितलेली नव्हती. हाच ओशॉनेसी पुढे १८३३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि त्याचे नाव राहिले ते येथे तारायंत्राचे जाळे पसरवणारा म्हणून. कलकत्त्याहून मुंबईला तार पोचवणारा माणूस आणि पटकीचे मर्म ओळखणारा माणूस एकच, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

त्याचा सल्ला अमलात आणला स्कॉटलंडमधल्या लीथ येथील टॉमस लाटा या डॉक्टरने. मे १८३२ मध्ये त्याच्यापुढे एक वृद्ध स्त्री होती. सर्व उपाय हरलेले, डोळे खोल, हनुवटी पडलेली, अंग गार. त्याने तिच्या शिरेतून मिठाचे व सोड्याचे कोमट पाणी घालायला सुरुवात केली. बराच वेळ काही दिसेना. मग हळूहळू चेहऱ्यावर रंग आला, नाडी लागली, आणि अर्ध्या तासात ती बाई आपल्याला बरे वाटते असे बोलू लागली. एकंदर सहा पाइंट पाणी तिच्या अंगात गेले होते. लाटा तिला इस्पितळाच्या वैद्याच्या हवाली करून विसाव्याला गेला. तो गेल्यावर जुलाब-उलट्या पुन्हा सुरू झाल्या. पाणी मात्र पुन्हा कोणी घातले नाही. साडेपाच तासांत ती गेली.

या हकीकतीत दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही आजही खऱ्या आहेत. अगदी टोकाला गेलेला रोगी शिरेतून पाणी दिल्याने परत येतो, ही एक. आणि तो उठून बसला म्हणजे संपले असे नव्हे, जात असलेले पाणी भरतच राहावे लागते, ही दुसरी. लाटा पुढच्याच वर्षी क्षयाने वारला. साथ ओसरली, जंतुरहित सुया-नळ्या त्या काळी नव्हत्याच, आणि त्याचा शोध अडगळीत पडला. रोग्याचे रक्त काढणे आणि पाऱ्याचे जुलाब देणे पूर्ववत चालू राहिले. ज्याच्या अंगात पाणी उरले नाही त्याला आणखी जुलाब! विद्वानांनाही मरीआईचा गाडा ओढता येतो, तो असा.

विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात सर लिओनार्ड रॉजर्स यांनी शिरेतून क्षारजल देण्याची पद्धत शास्त्रशुद्ध पायावर आणली आणि तेथील पटकीच्या रोग्यांचे मृत्युप्रमाण सुमारे निम्म्यावर आले. १८८० नंतर सिडनी रिंगर याने हृदयाचे स्नायू जिवंत ठेवण्यासाठी जे क्षारजल बनवले होते, त्यात अलेक्सिस हार्टमन याने १९३० नंतर लॅक्टेटची भर घातली. आपण ज्याला सरसकट 'सलाईनची बाटली' म्हणतो, त्यातली जुलाबाच्या रोग्याला दिली जाणारी बाटली बहुधा याच 'रिंगर लॅक्टेट'ची असते.

*

आता बाटली सापडली होती. पण बाटलीला इस्पितळ लागते, सुई लागते, सुई टोचणारा लागतो. साथ तर अशा गावात येते, जेथे यातले काहीच नसते. तेव्हा प्रश्न असा, की शिरेऐवजी तोंडाने पाणी देता येईल का? वैद्यांचे मत 'नाही' असे होते. आतडे फाटक्या पखालीसारखे झाले आहे, वरून ओतून काय उपयोग, असे ते म्हणत.

१९५३ साली हेमेंद्रनाथ चटर्जी या कलकत्त्याच्या डॉक्टरने 'लॅन्सेट'मध्ये लिहिले, की सौम्य पटकीच्या १८६ रोग्यांना त्याने तोंडानेच मीठ व ग्लुकोजचे पाणी देऊन बरे केले. उलटी थांबवण्यासाठी त्याने जे वापरले त्यात पानओव्याचा रस होता. ज्या पानांची आपण भजी करतो तीच ही! पण चटर्जींनी तुलनेसाठी दुसरा गट ठेवला नव्हता, आणि पश्चिमेकडच्या विद्वानांनी त्यांच्या लेखाकडे लक्ष दिले नाही.

'का' याचे उत्तर मग दोन बाजूंनी आले. १९५९ मध्ये कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी सशांवरील प्रयोगांनी दाखवून दिले, की पटकीचा जंतू आतडे फाडत नाही. तो एक विष सोडतो आणि त्या विषामुळे आतडे पाणी बाहेर टाकत सुटते. आणि १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी प्राग येथील परिषदेत मांडले, की आतड्याच्या भिंतीत साखर आणि मिठातले सोडियम ही जोडीने आत जातात. जेथे ती जातात तेथे पाणीही मागोमाग जाते. पखाल फाटलेली नव्हतीच. एका दाराने पाणी बाहेर वाहत होते, आणि मीठ-साखरेचे दुसरे दार उघडेच होते.

१९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी हे रोग्यांवर सिद्ध केले. त्यांच्या मिश्रणाने शिरेतून द्यायच्या द्रवाची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटली. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. ती शून्यावर आली नाही. जे रोगी नाडी हरवलेल्या अवस्थेत आले, त्यांना आधी शिरेतूनच सावरावे लागले. तोंडाचे पाणी त्यानंतर. हा क्रम पुढच्या प्रसंगात फार महत्त्वाचा ठरला.

तो प्रसंग १९७१ चा. पूर्व बंगालातून लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले आणि त्यांच्या छावण्यांत पटकी शिरली. डॉ. दिलीप महालनबीस जूनच्या अखेरीस बनगावच्या इस्पितळात पोचले, तेव्हा तेथे दोन खोल्या आणि सोळा खाटा होत्या. रोगी जमिनीवर पडलेले, त्यांच्यातून चालायचे तर घाणीत गुडघे टेकावे लागत. शिरेतून द्यायच्या बाटल्या भराभर संपत चालल्या. तेव्हा त्यांनी निर्णय घेतला. लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, अशी चूर्णे कलकत्त्यात पिशव्यांत भरून आणवली, पाण्याच्या पिंपांत कालवली, आणि पाजण्याचे काम रोग्यांच्या आया-बहिणींवर सोपवले. उरलेल्या थोड्या बाटल्या राखून ठेवल्या त्या फक्त अशांसाठी, की ज्यांची नाडी लागत नव्हती, जे पिऊ शकत नव्हते.

सुमारे दोन महिन्यांत तेथे ३,७०० हून अधिक रोग्यांवर उपचार झाले. मृत्यूचे प्रमाण, जे अशा छावण्यांत वीस-तीस टक्क्यांपर्यंत जात होते, ते चार टक्क्यांच्या आत आले. 'लॅन्सेट'ने १९७८ मध्ये या उपचाराची गणना शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधात केली. महालनबीस २०२२ मध्ये वारले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

पण मला या हकीकतीत चूर्णापेक्षाही मोठी वाटते ती महालनबीसांची वाटणी. ज्याला तोंडाने चालेल त्याला तोंडानेच दिले, म्हणूनच ज्याला शिरेवाचून गत्यंतर नव्हते त्याच्यासाठी बाटली शिल्लक राहिली. घरचा उपचार आणि दवाखान्याचा उपचार येथे एकमेकांचे वैरी नव्हते. एकाने दुसऱ्याला जागा करून दिली. प्रश्न फक्त एवढाच होता, की रेघ कोठे ओढायची.

पुढे १९८० ते १९९० या दहा वर्षांत बांगलादेशातील 'ब्रॅक' या संस्थेच्या बायका दारोदार गेल्या आणि तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी हे प्रमाण एक कोटीहून अधिक घरांतील आयांना शिकवून आल्या. शिकवणारीचा पगार ठरे तो तिने शिकवलेल्या आईला नंतर किती आठवते यावर! आपल्याकडल्या कितीतरी शिक्षणसंस्थांनी विचार करावा अशी ही पद्धत आहे.

*

आता ती रेघ. जागतिक आरोग्य संघटनेने जगभरच्या आरोग्यसेवकांसाठी ती आखून दिली आहे, आणि ती वाचायला यंत्र लागत नाही. डोळे, जीभ, कातडी आणि शुद्ध, एवढेच पाहायचे.

अंगाच्या वजनाच्या शंभरात पाच भागांहून कमी पाणी गेले असेल तर मूल ठीक दिसते. त्याला घरी पाणी पाजत राहावे. पाच ते दहा भाग गेले की ते चिडचिडे होते, डोळे आत जातात, आणि ते आधाशासारखे पाणी पिते, वाटी सोडत नाही. येथे मीठ-साखरेच्या मिश्रणानेच काम होते, पण ते आरोग्यकेंद्रात, जाणत्याच्या नजरेखाली चार तास मोजून द्यावे. दहा भागांहून अधिक गेले म्हणजे मात्र चित्र पालटते. मूल सुस्त होते, हाक मारली तरी नीट पाहत नाही, डोळे खोल, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर दोन सेकंद किंवा अधिक तशीच उभी राहते, आणि ते पाणी पीत नाही. या चारांपैकी दोन खुणा दिसल्या तर घरचा उपचार संपला. मग शिरेतूनच पाणी हवे, आणि ते ताबडतोब सुरू व्हायला हवे.

यात घरच्या माणसांना चकवणारी खूण एकच आहे, ती म्हणजे तहान. रात्रभर 'पाणी, पाणी' करणारे पोर पहाटे गप्प होते. आई म्हणते, 'शांत झालं गं बाई, डोळा लागला.' घरात सगळ्यांना हायसे वाटते, दिवा मालवतात. पण जुलाब चालू असताना, पाणी भरून आलेले नसताना तहान थांबली, तर ती शमलेली नसते. पाणी मागण्याचीही ताकद त्या जिवात उरलेली नसते. तहान लागल्यावर विहीर खणू नये असे आपण म्हणतो. येथे तर तहान थांबल्यावर खणायला वेळच नसतो. मागणारे मूल अजून आपल्या हातात असते. न मागणारे डॉक्टरच्या हातात द्यायचे असते.

आणखी काही खुणा आहेत. सहा-आठ तास लघवी नाही, तान्ह्या बाळाची टाळू खोल गेली, हात-पाय गार, मनगटाची नाडी लागत नाही, पाजलेले सगळे पुन:पुन्हा उलटून पडते, शौचात रक्त, आकडी, वाढत्या माणसाला भ्रम किंवा उभे राहताच घेरी. यातले काही दिसले तरी वाट पाहू नये. दोन महिन्यांच्या आतले बाळ असेल तर खुणांची वाटच पाहू नये. म्हाताऱ्या माणसांची कातडी मुळातच सैल असते, त्यांच्या बाबतीत चिमटीवर विसंबू नये. त्यांना तहानही कमी लागते. आणि उन्हाने अंग तापून माणूस बरळू लागला तर तो केवळ शोष नव्हे, उष्माघात आहे. त्याला सावलीत नेऊन, अंग ओले करून, वारा घालत लगेच इस्पितळ गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. वाटेत रोगी शुद्धीवर असेल तर चमच्या-चमच्याने पाणी चालू ठेवावे. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नये.

घरी करायचे तेही नीट करावे. बाजारातल्या पुडीवर जेवढे पाणी लिहिले असेल तेवढ्यातच ती विरघळवावी. लिटरची पुडी पेल्यात कालवली तर दाट मिश्रण उलट अंगातलेच पाणी आतड्यात ओढून घेते आणि रक्तातले मीठ घातक प्रमाणात वाढते. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ घातलेली पेज, ताक, वरणाचे पाणी चालते. बाटलीतली गोड रंगीत पेये चालत नाहीत. नुसती साखर जुलाब वाढवते. अंगावरचे दूध तोडू नये, आणि जुलाबात पाणी तोडण्याची जुनी चाल तर कायमची सोडावी.

आपल्याकडे आज एक विचित्र उलटापालट झालेली दिसते. थोडा अशक्तपणा वाटला की धडधाकट माणूस डॉक्टरला म्हणतो, 'एक सलाईन लावून टाका', आणि वाटीभर पेजेने भागेल तेथे बाटली चढते. उलट ज्या पोराचे डोळे खोल गेले आहेत त्याच्या उशाशी घर साबुदाण्याची खीर घेऊन सकाळ होण्याची वाट पाहते. दोन्हीकडे रेघ तीच पुसली जाते. लीथच्या त्या वृद्धेला पाणी चालू राहिले असते तर ती कदाचित वाचली असती. बनगावच्या सोळा खाटांवर ज्याला गरज होती त्यालाच बाटली मिळाली म्हणून शेकडो वाचले.

दिवाळीत घर माणसांनी भरलेले असते. लेकी माहेरी आलेल्या असतात, नातवंडे फराळावर तुटून पडतात, आणि एखाद्या पोराचे पोट बिघडतेच. औषधाच्या फडताळात पुड्या आहेत का, आणि जवळचे कोणते इस्पितळ रात्री उघडे असते, हे वसुबारसेलाच पाहून ठेवावे. आणि रात्री पोर पाणी मागायचे थांबले, तर दिवा मालवू नये. त्याला हाक मारून पाहावी.